जयकर म्हणजे लायब्ररी ना?

पुण्यात विद्यापीठात शिकणाऱ्या कुणालाही भर दुपारी फोन लावून बघा. कुठे आहेस विचारलं की बऱ्याचदा एकच उत्तर येतं, जयकरला. पेपर जवळ आले की जयकर, गाइडने चॅप्टर लाल करून परत पाठवला की जयकर, रूम पार्टनरचे पाहुणे आले तरी जयकरच. बोर्डावर आता जयकर ज्ञानस्रोत केंद्र असं भारदस्त नाव आहे, पण बोलताना ते घेण्याइतका वेळ कुणाकडे नाही.

या पानासाठी लिहायला घेतलं तेव्हा मित्रमैत्रिणींच्या ग्रुपवर सहज विचारलं, जयकर कोण होते? एक जण म्हणाली, लायब्ररीला पैसे दिले असतील. दुसऱ्याच्या मते पहिले ग्रंथपाल. तिसऱ्याने गुगल करून सांगतो म्हटलं आणि तासाभराने जेवणाच्या ताटाचा फोटो टाकला. हसले मी, पण माझीही अवस्था फार वेगळी नव्हती. पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू, एवढी एक ओळ पाठ होती. बस्स.

मग वाचायला लागले आणि लक्षात आलं, की हा माणूस कुलगुरू झाला तेव्हा पंचाहत्तरीला आला होता. त्याआधीच्या आयुष्यात गांधी आहेत, जीना आहेत, आंबेडकर आहेत, येरवड्याचा तुरुंग आहे, लंडनचं कोर्ट आहे. आणि हो, पेट्रोलसुद्धा आहे. त्यावर येतेच.

शाळामास्तर ते बॅरिस्टर

मुकुंद रामराव जयकर यांचा जन्म १३ नोव्हेंबर १८७३ चा. घराणं पाठारे प्रभू, म्हणजे मुंबईच्या अगदी जुन्या रहिवाशांपैकी. लहानपणी त्यांच्यावर छाप पडली आजोबांची, वासुदेव जगन्नाथ कीर्तिकरांची. कीर्तिकर वकील, पण वेड वेदान्ताचं. नातवाने दोन्ही उचललं. आजोबांचं वेदान्तावरचं लेखन पुढे जयकरांनीच संपादित करून छापून आणलं.

आपल्याकडे पंचविशीत सेटल झालं नाही की घरात चर्चा सुरू होते. त्या सगळ्यांसाठी माहिती अशी, की जयकर एलएलबी झाले १९०२ मध्ये आणि बॅरिस्टर १९०५ मध्ये. म्हणजे मुंबई हायकोर्टात उभे राहिले तेव्हा तिशी उलटून गेली होती. मधल्या काळात ते गिरगावातल्या आर्यन एज्युकेशन सोसायटीच्या शाळेच्या कामात होते, शिकवतही होते. उशिरा सुरू केलं तरी वकिली जोरात चालली. इंग्रजी उत्तम, कायद्याचा अभ्यास पक्का.

राजकारणात ते आले होमरूल चळवळीतून. तिथे मुंबईत त्यांच्या बरोबरीला होते बॅरिस्टर जीना. १९२० मध्ये गांधीजींनी होमरूल लीगचं नाव आणि घटना बदलली, तेव्हा हा बदल नियमाला धरून झालेला नाही म्हणून ज्यांनी राजीनामे दिले त्यांत जीनाही होते आणि जयकरही. याच वर्षाच्या सुरुवातीला जयकर गांधीजींच्या शेजारी बसून काम करत होते, हेही लक्षात ठेवायला हवं. जालियनवाला बागेनंतर काँग्रेसने स्वतःची चौकशी समिती नेमली होती. गांधी, चित्तरंजन दास, अब्बास तय्यबजी आणि जयकर. पंजाबात फिरून या मंडळींनी दीड हजारांहून जास्त लोकांच्या जबान्या गोळा केल्या. मार्च १९२० मध्ये अहवाल आला. सरकारी हंटर समितीच्या अहवालापुढे लोकांच्या बाजूने ठेवता येईल असं कागदावरचं काही असेल तर ते हे होतं.

म्हणजे वसंतात गांधींबरोबर आणि शरदात गांधींविरुद्ध. जयकरांचं पुढचं सगळं राजकारण थोडंफार असंच आहे. स्वराज्य पक्षातून १९२३ मध्ये मुंबई कायदेमंडळात गेले, तिथले पक्षनेते झाले. दोन-तीन वर्षांत न. चिं. केळकर आणि डॉ. मुंजे यांच्याबरोबर त्याच पक्षाशी भांडून बाहेर पडले. कौन्सिलात जाऊन नुसता अडथळा करायचा की मिळेल तेवढी सत्ता घेऊन काम करायचं, हा वाद होता. या मंडळींचं म्हणणं होतं, मिळेल ते घ्या आणि पुढे जा. टिळकांच्या प्रतियोगी सहकारितेचं नाव त्यांनी त्याला दिलं. काँग्रेसच्या मुख्य प्रवाहाला हे काही पटलं नाही.

दोन आणे

आता पेट्रोल. १९२७ मध्ये भारत सरकारने देशातल्या रस्त्यांसाठी एक समिती नेमली. मोटारी वाढत होत्या, रस्ते मात्र बैलगाडीच्या काळातले आणि ते सांभाळायची जबाबदारी जिल्हा बोर्डांवर. त्यांच्या तिजोरीत खडखडाट. समितीचे अध्यक्ष होते जयकर, म्हणून आजही सिव्हिलच्या मुलांना हायवे इंजिनिअरिंगच्या पहिल्याच धड्यात जयकर कमिटी पाठ करावी लागते. माझ्या इंजिनिअर भावाला जयकर म्हटल्यावर लायब्ररी नाही, हीच कमिटी आठवली. ते जयकर आणि हे जयकर एकच, यावर त्याचा बराच वेळ विश्वास बसला नाही.

समितीने सांगितलं, की लांब पल्ल्याचे रस्ते ही स्थानिक संस्थांच्या आवाक्यातली गोष्ट राहिलेली नाही, देशाने लक्ष घालायला हवं. पैसे कुठून? जो मोटार चालवतो त्याच्याकडून. पेट्रोलवर जादा कर लावा आणि तो रस्त्यांसाठी वेगळा ठेवा. १ मार्च १९२९ पासून गॅलनमागे दोन आणे बसले आणि केंद्रीय रस्ता निधी सुरू झाला. रस्त्यांचा तांत्रिक विचार करणारी कायमची संस्था असावी ही शिफारसही याच अहवालातली, त्यातून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस उभी राहिली. पेट्रोल भरताना आपण आजही रस्त्यांसाठी सेस देतो, त्याची कल्पना तिथपर्यंत मागे जाते. रस्त्यांचा एवढा विचार केलेल्या माणसाच्या विद्यापीठासमोरच्या चौकात संध्याकाळी साडेसहाला अडकून पडलं, की हे फार आठवतं.

येरवड्याच्या फेऱ्या

जयकरांचं नाव इतिहासाच्या पुस्तकात बहुतेक वेळा एकटं येत नाही. सप्रू-जयकर असं जोडीने येतं. अलाहाबादचे तेजबहादूर सप्रू आणि मुंबईचे जयकर. दोघेही बडे वकील, दोघेही काँग्रेसबाहेरचे, आणि दोघांचीही ओळख सरकारदरबारी आणि तुरुंगातही.

१९३० साली मिठाचा सत्याग्रह सुरू होता. गांधीजी येरवड्यात, मोतीलाल आणि जवाहरलाल अलाहाबादजवळच्या नैनी तुरुंगात. लंडनमध्ये गोलमेज परिषद भरणार होती आणि काँग्रेस तिला जाणार नव्हती. सप्रू आणि जयकर यांनी व्हाइसरॉय आयर्विनची परवानगी काढली आणि जुलैमध्ये येरवड्यात गांधीजींना भेटले. तिथून निरोप घेऊन नैनीला. नैनीतली मंडळी म्हणाली, गांधींशी बोलल्याशिवाय आम्ही काही ठरवू शकत नाही. मग नेहरू पितापुत्रांना आगगाडीने पुण्याला आणलं गेलं आणि ऑगस्टच्या मध्याला येरवडा तुरुंगाच्या आत एक बैठक भरली. गांधी, दोघे नेहरू, वल्लभभाई, सरोजिनी नायडू असे सगळे कैदी एका बाजूला आणि त्यांच्यासमोर हे दोन वकील.

काहीही ठरलं नाही. वाटाघाटी फसल्या.

पण पुढच्या वर्षी लंडनहून परतल्यावर सप्रू, जयकर आणि श्रीनिवास शास्त्री पुन्हा खेपा घालू लागले आणि ५ मार्च १९३१ ला गांधी-आयर्विन करार झाला. त्यानंतर दीड वर्षाने, सप्टेंबर १९३२ मध्ये, गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी जयकर परत त्याच येरवड्यात. पुणे करारावर सही करणाऱ्यांमध्ये त्यांचंही नाव आहे.

या धावपळीचं श्रेय मध्यस्थाला मिळत नाही, हे तुम्ही कधी दोन मित्रांचं भांडण मिटवायला गेला असाल तर वेगळं सांगायला नको. काँग्रेसवाले त्यांना मवाळ म्हणत, सरकारचा पूर्ण भरवसा नव्हताच. मोठ्या मैदानावर गर्दी जमवणारे ते नेते नव्हते. बंद खोलीत मसुदा हातात घेऊन, ही ओळ अशी केली तर चालेल का असं विचारणारे होते.

पण त्यांना सरसकट समेट घडवणारे म्हणून मोकळं व्हावं, तर तसंही नाही. १९२८ च्या डिसेंबरात कलकत्त्याला सर्वपक्षीय परिषद भरली. नेहरू अहवालात काही बदल करावेत अशी मागणी घेऊन जीना तिथे उभे राहिले. आठ वर्षांपूर्वी ज्यांच्याबरोबर राजीनामा दिला होता, त्या जीनांना तिथे ठाम विरोध करणाऱ्यांत हिंदू महासभेच्या बाजूने बोलणारे जयकर होते. मागण्या फेटाळल्या गेल्या आणि जीना तिथून दुरावले ते दुरावलेच, असं अनेक इतिहासकार मानतात. एका भाषणाने फाळणी झाली असं म्हणणं पोरकटपणा होईल. तरी दुसऱ्यांची भांडणं मिटवायला जन्मभर धावलेला माणूस स्वतः एका बाजूला उभा असताना एक इंच हलला नाही, हे वाचताना टोचतं. मला तरी टोचलं.

रिकामी केलेली खुर्ची

१९३७ मध्ये दिल्लीत फेडरल कोर्ट सुरू झालं. आजच्या सुप्रीम कोर्टाचा पूर्वज म्हणा. न्यायाधीश तीनच: सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि जयकर. दोन वर्षांनी ते लंडनला प्रिव्ही कौन्सिलच्या न्यायसमितीवर गेले. साम्राज्यातलं शेवटचं अपील तिथे चाले. वकिलाला याहून वर जाण्यासारखी जागा त्या काळात नव्हती. वय पासष्टीचं. इथे थांबले असते तरी चाललं असतं.

पण १९४६ मध्ये ते मुंबई प्रांतातून घटना समितीवर निवडून आले. १३ डिसेंबरला जवाहरलाल नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. स्वतंत्र भारत कसा असेल, हे सांगणारा ठराव. सभागृहात उत्साह होता आणि मुस्लिम लीगची बाकं रिकामी होती. तीन दिवसांनी जयकर उठले आणि त्यांनी दुरुस्ती सुचवली, की लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी येईपर्यंत यावर मत घेऊ नये. सभागृहात नाराजी पसरली. जवळपास सगळं सभागृह एका बाजूला आणि त्र्याहत्तर वर्षांचे जयकर दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या दिवशी बोलायला उभे राहिले डॉ. आंबेडकर, आणि घाई करू नये या मुद्द्यावर त्यांनी जयकरांची बाजू घेतली. त्या भाषणाने सभागृहातलं वातावरण बदललं असं सांगतात. मतदान खरोखरच पुढे गेलं. ठराव २२ जानेवारी १९४७ ला मंजूर झाला. लीग मात्र तेव्हाही आली नाही.

जयकरांनी नंतर घटना समितीचा राजीनामा दिला. आणि इथे एक गोष्ट घडली जी मला अजिबात माहीत नव्हती. आंबेडकर घटना समितीवर आले होते बंगालमधून. फाळणी ठरली आणि त्यांची ती जागा गेली. त्यांना परत आणायचं तर कुठून तरी एक जागा मोकळी हवी होती. मुंबई प्रांतात एक होती, जयकरांच्या राजीनाम्याने झालेली. जुलै १९४७ मध्ये आंबेडकर त्या जागेवर निवडून आले. ऑगस्टअखेर ते मसुदा समितीचे अध्यक्ष झाले.

जयकरांनी आंबेडकरांसाठी जागा सोडली असं कुणी म्हणू नये. त्यांनी सोडली तेव्हा असं काही होणार आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या हातून ती फक्त रिकामी झाली.

मुंबईची डिग्री, पुण्याचं कॉलेज

आता विद्यापीठ. पुण्याला विद्येचं माहेरघर म्हणतात, पण १९४९ पर्यंत या माहेरघराला स्वतःची डिग्री देता येत नव्हती. डेक्कन कॉलेज होतं, १८५४ पासून इंजिनिअरिंगचं शिक्षण होतं, १८८५ पासून फर्ग्युसन होतं, नंतर एस. पी., वाडिया, लॉ कॉलेज. डिग्री सगळ्यांची मुंबई विद्यापीठाची. टिळक-आगरकरांच्या पदव्याही तिथल्याच. आणि मुंबई विद्यापीठाचा पसारा केवढा, तर सिंधपासून कर्नाटकापर्यंत. अभ्यासक्रम तिथे ठरणार, पेपर तिथे निघणार.

दुसरीकडे संशोधन करणाऱ्या संस्था पुण्यात एकीपेक्षा एक. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चं, भांडारकर संस्था १९१७ ची, गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० ची. डेक्कन कॉलेज १९३९ मध्ये संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झालेलं. म्हणजे शिकवणं एकीकडे, संशोधन दुसरीकडे आणि परीक्षा दीडशे-दोनशे किलोमीटरवर तिसरीकडे. स्वतःचं विद्यापीठ हवं, ही मागणी जुनी होती. १९४२ मध्ये मुंबई सरकारने महाराष्ट्र विद्यापीठ समिती नेमली आणि अध्यक्ष केलं जयकरांना. जे स्वतः मुंबई विद्यापीठाचे पदवीधर, त्यांनीच पुण्याला मुंबईपासून वेगळं कसं काढायचं ते लिहायला घेतलं. पुढच्या वर्षी अहवाल तयार झाला.

स्वातंत्र्य मिळेपर्यंत तो तसाच राहिला. तेव्हाचं मुंबई राज्य मराठी, गुजराती, कन्नड असं तिन्ही भाषांचं. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते, शिक्षण खातंही त्यांच्याकडेच. त्या दोन-तीन वर्षांत पुणे, धारवाड, बडोदा, अहमदाबाद अशी चार नवी विद्यापीठं निघाली. पुण्याचा कायदा १० फेब्रुवारी १९४८ ला मंजूर झाला. समितीच्या नावात महाराष्ट्र होता, विद्यापीठाच्या नावात आला पुणे. पहिले कुलगुरू म्हणून जयकरांना बोलावलं गेलं.

सुरुवातीची जागा ऐकाल तर गंमत वाटेल. भांडारकर संस्थेचं निजाम गेस्ट हाऊस. हैदराबादच्या निजामाच्या देणगीतून बांधलेलं छोटेखानी अतिथिगृह. तिथे पुणे विद्यापीठाचं ऑफिस. हाताखाली अठरा कॉलेजं, आठ हजारांच्या वर विद्यार्थी, आणि हद्द खानदेशापासून कोल्हापूरपर्यंत बारा जिल्ह्यांची.

मग मिळालं गणेशखिंड. १९५० च्या सुरुवातीला, चारशे अकरा एकर. इंग्रज गव्हर्नरांचा पावसाळी मुक्काम असायचा ती ही जागा. मुख्य इमारत १८६४ मध्ये सुरू झाली आणि १८७१ मध्ये पूर्ण झाली, जेम्स ट्रबशॉ नावाच्या आर्किटेक्टची. ऐंशी फुटी मनोरा, खालून भुयार. भुयार म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर खजिना येतो, पण ते बांधलं होतं नोकरांनी जेवणाची ताटं घेऊन साहेबांच्या नजरेस न पडता ये-जा करावी म्हणून. याच बंगल्यात २२ जून १८९७ च्या रात्री व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव झाला आणि तिथून परतणाऱ्या रँडवर चापेकरांनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर गोळी झाडली.

मेजवान्यांसाठी बांधलेलं घर आणि त्यात आता लायब्ररी कुठे, लॅब कुठे, मुलं राहणार कुठे, हे ठरवायचं होतं. हे काम आलं पंचाहत्तरीच्या, आयुष्यभर कोर्टात वावरलेल्या माणसाकडे. जयकर काही प्रोफेसर नव्हते. पण दोन्ही बाजू ऐकून घेऊन मसुदा करायची सवय इथे उपयोगी पडली असणार, असं मला वाटतं. कारण इथेही बाजू होत्याच. पुण्यातल्या जुन्या कॉलेजांना आपलं वजन सोडायचं नव्हतं, संशोधन संस्थांना आपलं स्वातंत्र्य. कायद्यात यावर एक तोड होती. पुण्यातली कॉलेजं विद्यापीठाची घटक, संशोधन संस्था मान्यताप्राप्त, त्यांनी आणि विद्यापीठाने मिळून वरच्या वर्गांना शिकवायचं. पुण्याबाहेरची कॉलेजं संलग्न. विद्यापीठाने नुसत्या परीक्षा घेत बसू नये, स्वतः शिकवावं आणि संशोधन करावं, हा त्यामागचा विचार.

आठ वर्षं जयकर त्या खुर्चीवर होते. विभाग उघडत गेले, १९५० मध्ये ग्रंथालय सुरू झालं. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्याच वर्षी आली आणि शहराचा हा वायव्येकडचा कोपरा हळूहळू विज्ञानाचा झाला. १९५६ मध्ये वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांनी रँग्लर परांजपे यांच्या हाती कारभार दिला. १० मार्च १९५९ ला ते गेले. महाराष्ट्र राज्य व्हायला अजून वर्षभर होतं.

लहान होत वाढलेलं

पुणे विद्यापीठाचा पुढचा प्रवास मजेशीर आहे, कारण ते नकाशावर आकसत गेलं आणि आकड्यांत फुगत गेलं. १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि दक्षिणेकडचे जिल्हे गेले. राहिले पाच. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलं, धुळे-जळगाव तिकडे गेले. आता पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक, तीनच. पण अठरा कॉलेजांच्या जागी शेकड्यांनी कॉलेजं आहेत आणि आठ हजारांच्या जागी लाखांत विद्यार्थी. गणेशखिंडीच्या आवारातच १९८८ मध्ये नारळीकरांचं आयुका उभं राहिलं, शेजारी रेडिओ दुर्बिणीवाले आले. २०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुल्यांचं नाव मिळालं. भिडे वाड्यातली शाळा १८४८ ची आणि विद्यापीठाचा कायदा १९४८ चा, बरोबर शंभर वर्षांचं अंतर.

मी स्वतः संलग्न कॉलेजातून डिग्री केली. तालुक्याचं गाव, तीन वर्षं. त्या तीन वर्षांत विद्यापीठ म्हणजे माझ्यासाठी हॉलतिकिटावरचा शिक्का आणि निकाल लागायच्या दिवशी लोड न होणारं पान. गणेशखिंडीत पहिल्यांदा आले ते ट्रान्सक्रिप्ट काढायला. मनोरा बघून फोटो काढला, काम झालं, एसटी पकडली. भांडारकर, आयुका, जयकर ही सगळी माझ्याच विद्यापीठाची मालमत्ता आहे किंवा त्याच्याशी जोडलेली आहे, हे मला सांगायला तिकडे कुणी नव्हतं. माझ्यासारख्या मुलामुलींची संख्या आवारात फिरणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त आहे. जयकर समितीला परीक्षा घेणारं यंत्र नको होतं. माझ्या वाट्याला बराचसा तोच भाग आला, आणि यात कुणा एकाचा दोष आहे असंही मला म्हणता येत नाही. आठ हजार मुलांसाठी आखलेली घडी लाखांना पुरवायची तर सगळ्यात आधी पेपरच वेळेवर काढावे लागतात.

जयकरांना याबद्दल काय वाटलं असतं, म्हणून मी त्यांच्या आत्मचरित्राची चौकशी केली. इंग्रजीत आहे, दोन खंड. पहिला १९५८ मध्ये आला, दुसरा १९५९ मध्ये. पहिला १९२२ पर्यंत येऊन थांबतो आणि दुसरा १९२५ पर्यंत. पुढचं लिहायचं राहिलं. म्हणजे त्यात रस्त्यांची समिती नाही, येरवडा नाही, घटना समिती नाही आणि विद्यापीठही नाही. त्यांची कागदपत्रं दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, ज्याला पीएचडीचा विषय हवा असेल त्याने जरूर बघावीत.

हे सगळं मी परवा ग्रुपवर टाकलं. पेट्रोलच्या सेसवर बरीच चर्चा झाली. बाकीचं वाचून कळवतो म्हणालेत, सध्या सगळे जयकरला आहेत.